‘मला पटलं नाही’ इंग्रजीत लिहिताना पुन्हा पुन्हा होणारा घोटाळा

बेळगावात कोर्टाजवळच्या गल्लीत बसून मी गेली २२ वर्षं लोकांचे अर्ज टाईप करते. आधी टाईपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. समोर बसलेला माणूस मराठीत सांगतो, कधी कन्नडमध्ये, आणि कागद मात्र इंग्रजीत हवा असतो. यामागं कारण आहे. इथल्या कचेऱ्यांचं काम कन्नडमध्ये चालतं. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ६ सांगतं की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा. येळ्ळूरच्या नाहीतर खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्या आणि कन्नड लिहायचा सराव नसलेल्या माणसाला मग इंग्रजीच जवळची वाटते. म्हणून हे इंग्रजी आमच्यासाठी मिरवायचं नाही, रोजच्या गरजेचं आहे. त्यात एक शब्द चुकला तर माणसाचं काम अडतं.

इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त चुकलेलं मी एकच वाक्य पाहिलंय: ‘तुमचं म्हणणं मला पटलं नाही.’ कारखान्याचं उत्तर पटलं नाही, बँकेचा खुलासा पटला नाही, शाळेनं दिलेलं कारण पटलं नाही. मराठीत हे दोन शब्दांत होतं. इंग्रजीत उतरवताना मात्र दर वेळी काहीतरी बिघडतं, आणि बिघाड ठरावीक चार-पाच ठिकाणीच होतो. मी स्वतः केलेल्या चुकीपासून सुरुवात करते, कारण ती सगळ्यात महाग पडली.

गळीत हंगामाचे दिवस होते. खानापूर भागातले एक तात्या आले. उसाची ट्रॉली त्यांनी वाटेत खाजगी काट्यावर तोलली होती आणि मग कारखान्याच्या काट्यावर. दोन पावत्यांत साडेचारशे किलोचा फरक. दोन्ही पावत्या त्यांनी रुमालात गुंडाळून आणल्या होत्या. म्हणाले, “ताई, काट्यात कायतरी फेरफार केलाय अशी मला शंका आहे, असं लिवा.” मी लिहिलं, ‘आय डाऊट दॅट द वेब्रिज हॅज बीन टॅम्पर्ड विथ.’ शंका म्हणजे डाऊट, एवढंच डोक्यात होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्याचा अर्थ असा: काट्यात फेरफार झाला असेल असं तक्रारदारालाही वाटत नाही, हे त्यांच्याच पत्रातून दिसतं, सबब तक्रार निकाली काढली आहे.

तात्या कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. “असं कसं वो? मी तर उलट सांगितलं होतं.” ते बरोबरच होते. उलट मीच लिहिलं होतं. कारखान्यानं त्याचा फायदा घेतला असेल, पण वाक्य माझं होतं.

इंग्रजीत ‘आय डाऊट दॅट’ म्हणजे ‘तसं झालं असेल असं मला वाटत नाही’. तात्यांना म्हणायचं होतं ‘तसं झालंय असं मला वाटतं’, आणि त्याला इंग्रजीत ‘आय सस्पेक्ट दॅट’ लागतं. मराठीतली ‘शंका’ दोन्ही घरी नांदते. गंमत अशी की चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘डाऊट’सुद्धा असंच दोन्हीकडे चालायचं, आणि स्कॉटलंडच्या बोलीत अजून चालतं. पण आजच्या सरकारी किंवा कंपनीच्या कागदात नाही.

हे ओळखायची खूण मला नंतर मराठीतच सापडली, आणि तेव्हापासून एकदाही चूक झालेली नाही. आपण ‘शंका’ शब्दाआधी काय बोलतो ते ऐका. ‘तो येईल का याची शंका आहे’ यात ‘का याची’ आहे, तिथं डाऊट. ‘तो खोटं बोलतोय अशी शंका आहे’ यात ‘अशी’ आहे, तिथं सस्पेक्ट. तात्या ‘अशी’ म्हणाले होते. मी तेवढं ऐकलं असतं तर पुरे होतं.

शाळा-कॉलेजातल्या पोरांचा ‘आय हॅव अ डाऊट’ हा वेगळा प्रकार. तिथं डाऊट म्हणजे नुसता प्रश्न असतो. वर्गात तो चालतो, सर समजून घेतात. परदेशातल्या माणसाला मेल पाठवताना मात्र ‘क्वेश्चन’ लिहा, नाहीतर त्याला वाटेल की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही.

आता मुख्य शब्दाकडे येऊ: अनकन्व्हिन्स्ड. समजावून सांगितलं गेलं, ऐकलंही, तरी पटलं नाही, अशा माणसाचं हे विशेषण. लिहायला सोपं दिसतं, पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात कच्च्या कागदांवर ते चुकीचं असतं, आणि बहुतेक वेळा चूक शेवटच्या एका अक्षरात असते. ‘आय ॲम नॉट कन्व्हिन्स’, ‘वी आर अनकन्व्हिन्स’. शेवटचा ‘डी’ गायब.

कितीतरी वर्षं मी हे घाईनं राहतं असं समजून दुरुस्त करत आले. पण घाई नसलेल्या शिक्षकांच्याही हातून ‘डी’ गळतो तेव्हा कारण दुसरं असणार. ते कारण आपल्या बोलण्यात आहे. इंग्रजी क्रियापद मराठीत घेताना आपण ते उघडंच घेतो आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडतो: ॲडजस्ट केलं, कॅन्सल झालं, कन्व्हिन्स केलं, कन्व्हिन्स झालो. काळ, लिंग, वचन सगळं त्या ‘केलं-झालं’वर चढतं, इंग्रजी शब्द जसाच्या तसा राहतो. दिवसभर ‘मी काय कन्व्हिन्स झालो नाही’ म्हणणारा माणूस लिहायला बसला की ‘झालो’ची जागा ‘ॲम’ घेतं आणि ‘कन्व्हिन्स’ तसाच उतरतो. कानानं त्या शब्दाला ‘डी’ कधी ऐकलेलाच नसतो.

उपाय सोपा आहे. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘रिमेन’, ‘फील’ यांच्यानंतर कन्व्हिन्स आला की डोळे मिटून ‘डी’ लावा. अपवाद एकच, ‘आयएनजी’चा, तो पुढे येतो. हाच नियम डिसॅपॉइंटेड, सॅटिस्फाईड, कन्फ्यूज्ड यांनाही लागू पडतो, कारण तेही आपल्या तोंडी ‘कन्फ्यूज झालो’ असेच बसलेत.

याच घरातली उलटी चूक म्हणजे ‘आय ॲम नॉट ॲग्री’. मराठीत ‘सहमत’ हे विशेषण आहे: मी सहमत आहे, मी सहमत नाही. इंग्रजीत ॲग्री क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’ चालत नाही: ‘आय डू नॉट ॲग्री.’ एकीकडे ‘ॲम’ हवं आणि ‘डी’ हवा, दुसरीकडे ‘ॲम’ नको. मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवलीत. रोज कुणी ना कुणी ती वाचतं.

दुसरा बिघाड त्याहून खोल आहे. ‘तुमचं उत्तर मला पटलं नाही’ या वाक्यात कर्ता कोण? पटणारं ते उत्तर. मी नुसती ‘मला’ म्हणून बाजूला बसलेय. कन्नडमध्येही हेच: ‘ननगे ओप्पिगे इल्ल’ म्हणजे मला मान्य नाही, ‘ननगे गोत्तिल्ल’ म्हणजे मला माहीत नाही. ‘ननगे’ म्हणजे ‘मला’. आपल्या दोन्ही भाषांत पटणं, माहीत असणं, आवडणं माणसाकडे येतं, माणूस ते करत नाही. म्हणून मराठी माध्यमाचा असो की कन्नड माध्यमाचा, हा घोटाळा दोघांचाही होतो. कुणी त्यावरून आपल्या शाळेला कमी लेखू नये.

इंग्रजी मात्र माणसाला पुढे बसवते. अनकन्व्हिन्स्ड असतो तो माणूस: ‘आय ॲम अनकन्व्हिन्स्ड.’ उत्तर असतं ते अनकन्व्हिन्सिंग: ‘द रिप्लाय इज अनकन्व्हिन्सिंग.’ आपण ‘उत्तर पटलं नाही’ असा उत्तरापासून विचार सुरू करतो, आणि कागदावर येतं ‘युवर रिप्लाय इज अनकन्व्हिन्स्ड’, म्हणजे तुमच्या उत्तरालाच काहीतरी पटलेलं नाही. किंवा ‘आय ॲम अनकन्व्हिन्सिंग’, म्हणजे माझं बोलणंच कुणाला पटण्यासारखं नाही. हे दुसरं वाक्य मी एका नोकरीच्या अर्जात पाहिलंय. वाईट वाटलं, कारण तो मुलगा हुशार होता.

टाईप करण्याआधी मी माणसाला एकच विचारते: पटलं नाही ते कुणाला? तुम्हाला? मग वाक्य तुमच्या नावानं सुरू होणार आणि शेवटी ‘डी’ येणार. वाक्य उत्तराच्या नावानं सुरू करायचंय? मग शेवटी ‘आयएनजी’. दोन्ही बरोबर आहेत, पण वजन वेगळं आहे. ‘युवर रिप्लाय इज अनकन्व्हिन्सिंग’ म्हणणं म्हणजे समोरच्याच्या कामाला नाव ठेवणं. ‘आय ॲम अनकन्व्हिन्स्ड’ म्हणजे माझ्या मनाची स्थिती सांगणं. ज्या साहेबाकडून अजून काम करून घ्यायचंय त्याला मी नेहमी दुसरं लिहिते.

इथं ‘पटणे’बद्दल थोडं थांबते, कारण हा शब्द फार श्रीमंत आहे आणि इंग्रजीत त्याला एकच जोडीदार नाही. ‘त्याचं कारण मला पटलं नाही’, इथं अनकन्व्हिन्स्ड अगदी चपखल. ‘म्हाताऱ्या आईला असं एकटं ठेवणं मला पटत नाही’, इथं खरंखोटं करायचंच नाही, हे योग्य नाही असं सांगायचंय. ‘आय डोंट थिंक इट इज राइट’ लिहावं लागतं. ‘त्यांचं आमचं पटत नाही’ म्हणजे जमत नाही. ‘वी डोंट गेट अलाँग’. वाटणीच्या एका कागदात कुणीतरी लिहून आणलं होतं, ‘आय ॲम अनकन्व्हिन्स्ड विथ माय ब्रदर.’ भावाशी पटत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. वाचणारा विचार करत बसेल की भावानं असं काय समजावलं होतं. म्हणून ‘पटत नाही’ आलं की आधी मराठीतच ते दुसऱ्या शब्दांत म्हणून बघा. ‘खरं वाटत नाही’ होतंय का, ‘योग्य वाटत नाही’ होतंय का, की ‘जमत नाही’ होतंय? पहिलं असेल तरच अनकन्व्हिन्स्ड.

त्यातही एक अट आहे. कन्व्हिन्स हा शब्द लॅटिनमधल्या ‘जिंकणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आला. व्हिक्टर आणि कन्व्हिक्ट हे त्याच्याच भावकीतले. म्हणजे आधी कुणीतरी युक्तिवाद करून आपलं मन जिंकायचा प्रयत्न केलेला असला पाहिजे. तो फसला की आपण अनकन्व्हिन्स्ड. कुणी अजून काही सांगितलंच नसेल तर हा शब्द बसत नाही. पहिल्याच पत्रात ‘आय ॲम अनकन्व्हिन्स्ड’ लिहिलेलं मी खोडते. समोरचा विचारणारच, तुम्हाला समजवायला आलं कोण होतं?

सुरुवातीलाच शंका असेल तर स्केप्टिकल. हा ग्रीक शब्द, मुळात नीट पाहणारा, तपासणारा. ‘आय ॲम स्केप्टिकल अबाउट द न्यू मीटर’, म्हणजे नवीन मीटरबद्दल मी सावध आहे, बघून मगच मानेन. याचं स्पेलिंग आपल्याकडे ब्रिटिश पद्धतीनं ‘एससी’नं सुरू होतं, अमेरिकेत ‘एसके’नं. उच्चार दोन्हीचा ‘स्के’. पण सायन्स, सीन, सेंट असे ‘एससी’चे शब्द आपण ‘स’नं म्हणतो, म्हणून मुलं हाही ‘सेप्टिकल’ वाचतात, तसाच लिहितात, आणि मोबाईल त्याचं ‘सेप्टिक’ करून टाकतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल कुणाला शंका होती, आणि संदेश गेला सेप्टिकचा. अर्धा दिवस लोक ड्रेनेजवर बोलत राहिले. स्पेलिंगची खात्री नसेल तर सरळ ‘आय ॲम नॉट शुअर अबाउट धिस’ लिहा. व्हॉट्सॲपवर तेच जास्त शोभतं.

ड्युबियस आणि सस्पिशस हे दोन शब्द जपून वापरा. ‘आय ॲम ड्युबियस अबाउट द प्लॅन’ ठीक आहे. पण ‘युवर मॅनेजर इज ड्युबियस’ लिहिलंत की मॅनेजर लबाड आहे असा वास येतो. मॅनेजरला पटलेलं नाही, हे सांगायचं असताना असं गेलेलं पत्र परत घेता येत नाही. सस्पिशस तर थेट हेतूवर बोट ठेवतो.

याचं उदाहरण जवळून सांगते. कंग्राळीचा एक मुलगा उद्यमबागमधल्या एका युनिटमध्ये क्वालिटीत आहे. बाहेरून कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून केलेले भाग घेतात, मशिनिंग करून पुढे पाठवतात. एका लॉटमध्ये भोकं निघाली. कास्टिंग पुरवणाऱ्यानं लिहून पाठवलं की वाळूत ओल जास्त होती, त्यामुळं वायू अडकला, आता सुधारणा केली आहे. या मुलानं पीस कापून बघितला होता. वायूनं झालेलं भोक आतून गोल आणि गुळगुळीत असतं. याच्या पीसमधली भोकं खडबडीत होती, फाटल्यासारखी, आणि तीही बरोबर जाड भागाच्या सांध्यात. ती धातू थंड होताना आकसल्याची खूण. म्हणजे दोष वाळूच्या ओलीत नव्हे, जाड भागाला शेवटपर्यंत वितळलेला धातू पुरवणाऱ्या रायझरमध्ये. मुलाचं निदान पक्कं होतं. त्यानं मेल लिहिला: ‘वी आर सस्पिशस अबाउट युवर रिपोर्ट.’ तासाभरात पुरवठादाराचा फोन त्याच्या मालकाला: “आम्ही खोटा रिपोर्ट दिला म्हणताय काय?” भोकं राहिली बाजूला, इज्जतीवर भांडण सुरू झालं.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी मेल नव्यानं लिहिला. आधी ‘वी हॅव रेड युवर रिपोर्ट केअरफुली’. मग ‘वी रिमेन अनकन्व्हिन्स्ड दॅट मॉइश्चर इज द कॉज’. लगेच कारण: ‘द कॅव्हिटीज आर रफ अँड लाय ॲट द थिक सेक्शन’. आणि शेवटी काय हवंय ते: ‘प्लीज शेअर द रायझर डिझाईन’. सोबत कापलेल्या पीसचा फोटो. सस्पिशस म्हणजे तुमच्यावर संशय, अनकन्व्हिन्स्ड म्हणजे तुमच्या कारणावर अजून मन बसलेलं नाही. एवढ्या फरकानं पुढचा फोन भांडायला नाही, ड्रॉइंग पाठवू का विचारायला आला.

‘रिमेन’ हा शब्द मी मुद्दाम घातला. ‘ॲम’ म्हणजे नाही पटलं. ‘रिमेन’ म्हणजे तुमचं सगळं ऐकलं, वाचलं, तरीही नाही पटलं. त्यात समोरच्याचा मानही राहतो आणि आपला ठामपणाही.  ‘नॉट एन्टायरली कन्व्हिन्स्ड’ सगळ्यात मऊ: थोडं पटलंय, थोडं राहिलंय. ‘व्हेरी अनकन्व्हिन्स्ड’ कानाला खटकतं, ते टाळा. आणि ‘नॉट अनकन्व्हिन्स्ड’ कधीच लिहू नका. मराठीत नकार म्हटला की ‘नाही’ यायलाच पाहिजे, म्हणून लोक ‘अन’ असूनही ‘नॉट’ लावतात. दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि अर्थ होतो ‘मला तसं पटलंय’.

पुढं कुठलं अव्यय लावायचं हेही अडतं. ‘विथ’ नको. सॅटिस्फाईडला ‘विथ’ लागतं, त्याच्या सवयीनं आपण कन्व्हिन्स्डलाही लावतो. ज्या गोष्टीनं पटवायचा प्रयत्न केला तिला ‘बाय’: बाय युवर रिप्लाय. जे खरं म्हणून मानायचं होतं त्याला ‘ऑफ’: ऑफ इट्स ॲक्युरसी. पुढे पूर्ण वाक्य असेल तर ‘दॅट’. बेत किंवा योजनेबद्दल बोलण्यासारखं लिहिताना ‘अबाउट’ चालतं.

बँकेला लिहिणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. डाऊटफुल हा शब्द माणसालाही लागतो आणि वस्तूलाही, पण बँकेच्या भाषेत डाऊटफुल हा थकलेल्या कर्जाचा एक वर्ग आहे: सबस्टँडर्ड वर्गात १२ महिने काढलेलं खातं त्यात जातं. आपल्याच कर्जाच्या पत्रात ‘माय लोन स्टेटमेंट इज डाऊटफुल’ लिहून नसता गोंधळ करून घेऊ नका. ‘आय ॲम नॉट कन्व्हिन्स्ड दॅट द इंटरेस्ट इज कॅल्क्युलेटेड करेक्टली’ लिहा आणि कुठल्या महिन्याचं व्याज चुकलंय तो महिना लिहा.

माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलात तर हे विशेषण मी हल्ली घालतच नाही. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं असतं, लोक शेवटच्या दिवशी धावत येतात आणि सांगतात, “उत्तर पटलं नाही एवढं लिवा.” पण तिथं तुम्हाला पटणं हा मुद्दाच नसतो. माहिती दिली की नाही, पूर्ण दिली की नाही, एवढंच अपील अधिकारी बघतो. म्हणून ‘तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, पाचव्या प्रश्नात मागितलेल्या नोंदवहीची प्रत जोडलेली नाही’ असं बोट ठेवून लिहायचं. विशेषणानं पान भरतं, पण प्रत मिळत नाही. ज्यांना लिहिताच येत नाही त्यांना तोंडी विनंती लेखी करून द्यायला माहिती अधिकाऱ्यानंच मदत करायची, असंही त्याच कलम ६ मध्ये आहे. खेड्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तात्यांचं दुसरं पत्र मी पैसे न घेता केलं. त्याला एक संध्याकाळ लागली. ‘आय हॅव रेड युवर रिप्लाय. आय सस्पेक्टेड, अँड स्टिल सस्पेक्ट, दॅट द वेब्रिज शोज लेस दॅन द ट्रू वेट. आय रिमेन अनकन्व्हिन्स्ड बाय युवर रिप्लाय, बिकॉज इट डझ नॉट एक्सप्लेन द डिफरन्स बिटवीन द टू स्लिप्स.’ खाली दोन्ही पावत्यांचे नंबर, तारीख, वेळ. मग मागणी: वजनमापे खात्यानं या काट्यावर शेवटचा शिक्का कधी मारला त्या प्रमाणपत्राची प्रत द्यावी, आणि माझ्यासमोर त्याच ट्रॉलीचं फेरवजन करावं. एक प्रत वजनमापे खात्यालाही.

सही घेण्याआधी मी कुठलंही पत्र परत मराठीत वाचून दाखवते. त्या पहिल्या पत्राच्या वेळी गर्दी होती म्हणून वाचलं नव्हतं. या वेळी शब्द न शब्द वाचला. तात्या डोळे मिटून ऐकत होते. ‘रिमेन अनकन्व्हिन्स्ड’पाशी मी म्हटलं, “इथं लिहिलंय, तुमचं उत्तर वाचलं, पण अजून पटलेलं नाही.” त्यांनी हात वर करून थांबवलं.

“चोरी केली, असं तर नाही ना लिवलं?”

“नाही तात्या.”

“नको. माझ्यापाशी त्याला पुरावा नाही. पटलं नाही, तेवढंच खरं आहे,” ते म्हणाले, आणि पेन मागितलं.